मातीखालचे खोड (लेखांक ६) : आयरिसचा गड्डा किती खोल?

गेल्या आठवड्यात हळदीची भरणी पाहिली. लागवडीनंतर अडीच-तीन महिन्यांनी सरीतली माती वरंब्यावर चढवायची, म्हणजे उघडे पडलेले गड्डे झाकले जातात आणि कंदमाशीला अंडी घालायला जागा उरत नाही. हीच सवय घेऊन आयरिस लावायला बसलात, तर गड्डा हातचा जाईल. माझ्या बहिणीचा असाच गेला असता.

ती न्यू जर्सीला असते. घरामागे तिने दाढीवाला आयरिस लावला. खाली झुकणाऱ्या तीन पाकळ्यांवर मऊ केसांची पट्टी असते, म्हणून तो दाढीवाला. आमच्या घरी हळदीचे जेठे गड्डे पुरतात तसे तिने चार बोटे खोल पुरले. दोन वर्षे तलवारीसारखी पाने आली, फूल एकही नाही. तिसऱ्या उन्हाळ्यात तिने एक गड्डा उकरला. एक टोक दाबल्यावर बोटाखाली लगद्यासारखे फुटले आणि असा वास सुटला की तिने हात तीनदा धुतले. हा जिवाणूंमुळे होणारा मऊकूज रोग. ओल टिकली की तो बळावतो.

आयरिसचा गड्डा म्हणजे आडवे वाढणारे खोडच. त्याची पाठ जमिनीच्या पातळीला हवी, उघडी किंवा जेमतेम झाकलेली. डबक्यात बसलेल्या म्हशीची पाठ दिसते, तशी. रेताड जमीन आणि कडक उन्हाळा असेल तर वर इंचभर माती चालते, त्याहून जास्त नाही. खड्ड्याच्या मधोमध मातीचा उंचवटा ठेवावा, त्यावर गड्डा बसवून मुळे दोन्ही उतारांवर सोडावीत आणि माती घट्ट दाबावी. खोल जायची ती मुळे. पहिल्या पाण्यानंतर माती खचते, म्हणून उंचवटा आधीच बोटभर चढा ठेवावा. पालापाचोळ्याचे आच्छादन गड्ड्यावर नको.

या वनस्पतीला काय मानवते ते काश्मीरच्या कबरस्तानांत दिसते. तिथे कबरींवर आयरिस लावायची जुनी रीत आहे, मातीच्या छपरांवरही तो वाढत असे. पीर पंजालच्या रांगा मान्सून बराचसा अडवतात, खोऱ्यातला पुष्कळसा पाऊस-बर्फ हिवाळ्यात आणि वसंतात पडतो. फुले येऊन गेली की गड्डा कोरड्या जमिनीत ऊन खात पडून राहतो. कबरीवर कुणी खणत नाही, रोज पाणी घालत नाही, माती चढवत नाही. दुर्लक्ष नव्हे, त्याला हवे तेच मिळते!

म्हणूनच कोकणात किंवा मुंबईत दाढीवाल्या आयरिसवर पैसे घालू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. चार महिन्यांच्या पावसात गड्डा कुजतो, आणि फूल धरायला लागणारी थंडीही तिथे पडत नाही.

बहिणीने कुजका भाग कापला, चांगले तुकडे सावलीत सुकवले, पाने निम्म्याहून कमी केली आणि ऑगस्टअखेर पाठ वर ठेवून पुन्हा लावले. गोठण्याआधी मुळे धरायला सहा आठवडे तरी मिळायला हवेत. दुसऱ्या मे महिन्यात तिने तीन जांभळ्या फुलांचा फोटो पाठवला.

थंड मुलखात राहणाऱ्या ज्या वाचकांचा आयरिस नुसती पाने दाखवतो आहे, त्यांनी त्याला खत घालण्याआधी पानांच्या बुडाशी बोट खुपसून पाहावे. बोटाचे दुसरे पेर बुडेपर्यंत गड्डा लागला नाही, तर या ऑगस्टमध्ये तो वर उचलून लावावा.