पदकाला हार, जखमेला पाठ

खेळाडू जिंकला की वेशीवर कमान उभी राहते, पुढारी मोटारीतून उतरतात, फोटो निघतात. त्याच खेळाडूच्या गुडघ्याचे लिगामेंट तुटले की दारात काळे कुत्रेही फिरकत नाही. कबड्डी, कुस्ती, धावणे या मैदानांवर आमच्या वस्त्यांतील मुले-मुली घाम गाळतात, म्हणून हा प्रश्न आम्ही चळवळीचा मानतो.

अशा शस्त्रक्रियेनंतर मैदानावर परतायला नऊ महिने ते वर्ष लागते. पैसेवाल्याच्या मुलाला फिजिओथेरपिस्ट मिळतो. आमचा मुलगा तिसऱ्या महिन्यात हमालीला जातो आणि गुडघा कायमचा घालवून बसतो. संघ पुढे निघून जातो, खेळाडू कोट्यातील नोकरीची आशा मावळते, झोप उडते. दुसरीकडे, धडधाकट खेळाडूही वर्षानुवर्षांच्या दडपणाने आतून थकतो, त्याला सराव नकोसा होतो. त्याला आळशी ठरवून मोकळे होणारे प्रशिक्षक काही कमी नाहीत!

अमेरिकेची कृष्णवर्णीय जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स हिला २०२१ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये हवेत गिरकी घेताना शरीराची दिशाच कळेनाशी झाली. तिने सांघिक अंतिम फेरीतून माघार घेतली. टीका झालीच, पण सहकारी, कुटुंब आणि मानसोपचार यांचा आधार तिला मिळाला. २०२४ मध्ये पॅरिसला तिने तीन सुवर्ण आणि एक रौप्य जिंकले.

त्याच टोकियोत आमची वंदना कटारिया हॉकी खेळत होती. त्याच वर्षी मे महिन्यात वडील वारले, तेव्हा सराव शिबिरामुळे तिला अंत्यदर्शनही घेता आले नव्हते. दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तिने तीन गोल केले. ऑलिम्पिकमध्ये हॅटट्रिक करणारी ती पहिली भारतीय महिला. पण अर्जेंटिनाकडून उपांत्य सामना हरताच हरिद्वारजवळच्या रोशनाबादेत तिच्या घरासमोर फटाके फुटले, जातीवरून शिव्या दिल्या गेल्या, अशी तक्रार कुटुंबाने पोलिसांत दिली. ताण कशाने येतो हे मग मानसशास्त्राच्या पुस्तकात कशाला शोधायचे?

हलाखीतील खेळाडूंसाठी केंद्राचा राष्ट्रीय कल्याण निधी १९८२ पासून आहे. त्यातून उपचारालाही मदत मिळते. पण अर्ज कोण भरून देणार? आमच्या कर्मचारी संघटनांत असे अर्ज हातखंडा असलेले कितीतरी लोक आहेत. जयंती मंडळांनी डीजेच्या खर्चातील काही रक्कम काढून वस्तीतल्या एका जखमी खेळाडूचा व्यायामोपचार चालवावा. पैसे नसतील त्यांनी दवाखान्यात सोबत जावे. विहारातल्या रविवारच्या बैठकीला त्या मुलीला आवर्जून बोलवावे, आणि पुन्हा कधी खेळणार हे मात्र विचारू नये. तिला बोलायचे असेल तर ती बोलेल.