त्रेपन्न वेळा मरणाची घटका

२१ एप्रिल २०२५ रोजी पोप फ्रान्सिस यांचं निधन झालं आणि जगभरच्या कॅथलिकांच्या मोबाइलवर एक जुनी यादी फिरू लागली. बाराव्या शतकातल्या संत मलाकीच्या नावावर खपणारी, ११२ पोपांची. शेवटचा पोप आला की रोम बेचिराख होणार आणि न्यायाचा दिवस उगवणार, असा तिचा हिशेब. ही यादी पहिल्यांदा छापली गेली १५९५ मध्ये. त्याच्या थोडं आधीपर्यंतच्या पोपांची वर्णनं तिच्यात अगदी चपखल आहेत. पुढची मात्र कुणालाही लागू पडतील अशी मोघम. इतिहासकार ती बनावट मानतात, ते यामुळेच. ८ मे रोजी लिओ चौदावे निवडून आले आणि यादी फिरवणारे पुढच्या संदेशाकडे वळले.

असले संदेश वाचून धसका घेणाऱ्यांच्या घरात बहुधा जपमाळही असते. मुंबईच्या भांडुपसारख्या उपनगरात तर ती नक्की असते. इथे मूळचे साष्टीकर ईस्ट इंडियन आहेत. कारखान्यांच्या काळात आलेले गोवेकर, मंगळूरकर, मल्याळी, तमिळ आहेत. नगर-जालन्याकडून आलेली, हरेगावच्या मतमाउलीला नवस बोलणारी मराठी कुटुंबंही आहेत. ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना. मरियेची मूर्ती घरोघर फिरते, शेजारची चार कुटुंबं जमतात, एक दशक, म्हणजे दहा मण्यांचा टप्पा, मराठीत तर पुढचं कोकणीत किंवा इंग्रजीत होतं. जगबुडीच्या बातमीने घाबरणारी हीच माणसं त्या अर्ध्या तासात आपल्या मरणाचं नाव त्रेपन्न वेळा घेतात आणि नंतर चहा पितात. दोन्हीकडे विषय शेवटाचाच आहे. मग एकाने झोप उडते आणि दुसऱ्याने मन निवतं, असं का?

उत्तर माळेच्या रचनेत आहे. आपल्याकडची तुळशीची माळ १०८ मण्यांची, ही ५९ मण्यांची. त्यांतले सहा मणी प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेचे, ५३ ‘नमो मारिया’चे. पण पहिला मणी धरण्याआधी क्रूस हातात घेऊन प्रेषितांचा विश्वासांगीकार म्हणायचा असतो. ख्रिस्त जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला पुन्हा येणार, देह पुन्हा उठणार, हे सगळं त्यात येऊन जातं. म्हणजे जगाचा अंत इथे शेवटी येत नाही, तो सुरुवातीलाच उरकलेला असतो. त्यानंतरचे तीन छोटे मणी परंपरेने श्रद्धा, आशा आणि प्रीती मागण्यासाठी. मधला आशेचा. घाईत सर्वांत भराभर सरकवले जाणारे मणी हेच, हे कुठल्याही घरातल्या जपमाळेला बसलेल्याला ठाऊक असेल.

‘नमो मारिया’चा पूर्वार्ध लूकच्या शुभवर्तमानातला; गाब्रिएल दूताचं आणि एलिझाबेथचं अभिवादन. उत्तरार्ध चर्चने जोडला आणि १५६८ मध्ये पाचव्या पायसने काढलेल्या रोमन प्रार्थनाग्रंथात तो आजच्या रूपात ठरला. त्यात मागणं दोनच वेळांसाठी आहे: आत्ता, आणि आमच्या मरणाच्या घटकेला. मधल्या काळाचा उल्लेख नाही. साल नाही, चिन्हं नाहीत, कोण वाचेल आणि कोण जळेल याची मोजदाद नाही. जगाचा अंत इथे एका माणसाच्या उशाशी आणून ठेवला आहे. तो येणार याबद्दल कुणालाच शंका नसते, म्हणून भाकिताची गरजही उरत नाही.

पुढे पाच दशकं, आणि प्रत्येकाला चिंतनासाठी एक रहस्य. आनंदाची, दुःखाची, गौरवाची रहस्यं शतकानुशतकांची. प्रकाशाची पाच दुसऱ्या जॉन पॉल यांनी २००२ मध्ये जोडली. आशेचा धागा पाहायचा तर बुधवारी आणि रविवारी म्हटली जाणारी गौरवाची रहस्यं पाहावीत. पहिलं ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचं, चौथं मरियेच्या स्वर्गोन्नयनाचं. स्वर्गोन्नयनाचा सण १५ ऑगस्टला येतो, म्हणून मुंबईच्या चर्चमध्ये त्या दिवशी झेंडावंदन आणि मिस्सा एकाच सकाळी होतात. मरियेला देहासह स्वर्गात घेतलं गेलं, हा सिद्धान्त बाराव्या पायसने १९५० मध्ये जाहीर केला. दोन महायुद्धांत कोट्यवधी देह मातीमोल झाल्यानंतर देहाची किंमत सांगणारा सिद्धान्त यावा, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. ज्याची सगळ्यांनी वाट पाहायची ते एका माणसाच्या बाबतीत आधीच घडून गेलं आहे, असा त्याचा आशय.

भीतीचा धागाही माळेत आहेच. प्रत्येक दशकानंतर बरेच जण नरकाग्नीपासून वाचवण्याची एक छोटी प्रार्थना म्हणतात. ती पोर्तुगालमधल्या फातिमा या गावी १९१७ मध्ये झालेल्या मरियेच्या दर्शनांतून आली. त्याच दर्शनांच्या ‘तिसऱ्या रहस्या’वर अनेक दशकं अफवांचा बाजार चालला. व्हॅटिकनने जून २००० मध्ये मजकूर छापला, तर त्यात जगाच्या अंताची तारीख नव्हतीच. खुद्द ख्रिस्ताने तो दिवस आणि ती घटका पित्याखेरीज कुणालाच ठाऊक नाही, असं सांगून ठेवलं आहे. चर्चची अधिकृत धर्मशिकवण आशेविरुद्धची दोन पापं सांगते: निराशा, आणि तारण गृहीत धरणारी फाजील खात्री. मोबाइलवरच्या भाकितांत दोन्ही एकाच वेळी सापडतात. जग बुडणार ही निराशा, आणि संदेश पुढे पाठवणारा तेवढा तरणार ही खात्री.

ही निव्वळ पुस्तकी चर्चा नाही, मुंबईने तिची परीक्षा दिली आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत प्लेगचं निदान केलं ते डॉ. अकासिओ व्हिएगस या गोव्याच्या कॅथलिक डॉक्टरने. शहर ओस पडू लागलं. ज्या लोहमार्गाची कल्पना जॉर्ज क्लार्क या सरकारी अभियंत्याला १८४३ मध्ये भांडुपच्या फेरीत सुचली असं गॅझेटियर सांगतं, त्याच मार्गाने लोक आता शहराबाहेर पळत होते. त्या वर्षांत वांद्र्यापासून साष्टीच्या अनेक गावठाणांत क्रूस उभे राहिले आणि त्यांच्यापुढे संध्याकाळी जपमाळ सुरू झाली. गावठाणातले सगळेच क्रूस प्लेगचे नव्हेत, कित्येक त्याहून जुने आहेत; पण प्लेगच्या क्रूसांची आठवण अजून सांगितली जाते. जपमाळेला पाद्री लागत नाही, हे इथे महत्त्वाचं. १७३९ मध्ये मराठ्यांनी वसई घेतली आणि पोर्तुगीज पाद्री गेले, तेव्हाही घरातली माळ कुणाच्या परवानगीवाचून चालू राहू शकत होती.

२०२० मध्ये तेच पुन्हा घडलं. मार्चमध्ये कोविडमुळे बंद झालेली प्रार्थनास्थळं महाराष्ट्रात १६ नोव्हेंबरला उघडली, म्हणजे जपमाळेचा अख्खा ऑक्टोबर दारं बंद असतानाच गेला. माळ झूमवर आली. एकाचा आवाज मागे, दुसऱ्याचा पुढे, कुणाचा कुकर मध्येच शिट्टी देणारा. पण ती चालली. पुढच्या वर्षी २५ मार्चच्या रात्री भांडुपच्या एका मॉलमधल्या कोविड रुग्णालयाला आग लागली आणि रुग्ण दगावले. झावळ्यांच्या रविवारला तीन दिवस उरले होते. त्या आठवड्यात मरणाची घटका हे शब्द इथे कुणाला समजावून सांगावे लागले नसतील.

आशेवर दोन पोप अलीकडे सविस्तर बोलले. बेनेडिक्ट सोळावे यांनी २००७ मध्ये तिच्यावर एक अख्खं परिपत्रक लिहिलं. न्यायाचा दिवस हे आशा शिकण्याचंच एक ठिकाण आहे, असं त्यात मांडलं. ज्यांच्यावर अन्याय होऊन ते तसेच मेले, त्यांचा हिशेब कधीतरी होणार असेल तरच आशेला अर्थ, हा त्यांचा युक्तिवाद. मला तो सगळ्यांत पटण्यासारखा वाटतो. फ्रान्सिस यांनी २०२५ चं जयंतीवर्ष आशेच्या यात्रेकरूंना वाहिलं आणि ते पूर्ण व्हायच्या आत गेले.

जपमाळेचा महिना संपला की २ नोव्हेंबरला मृतांचा दिवस. कबरी झाडून, फुलं-मेणबत्त्या लावून तिथेही माळ म्हटली जाते, फक्त मृतांसाठी चिरशांतीची प्रार्थना तिच्यात वाढते. महिनाअखेरीस चर्चच्या वर्षाचा शेवटचा रविवार, ख्रिस्तराजाचा. त्याच्या आसपास मिस्सेत वाचली जाणारी शुभवर्तमानं युद्धं, भूकंप आणि ताऱ्यांच्या पडझडीची असतात. पुढच्या रविवारी आगमनकाळ लागतो, नवं वर्ष उजाडतं, आणि त्याच्या पहिल्याच दिवशी पुन्हा अंताचंच वाचन येतं: तो कधी येईल ठाऊक नाही, तेव्हा जागे राहा. तोवर भांडुपच्या गॅलऱ्यांतून नाताळचे तारे लटकायला लागलेले असतात.