सोवळ्यातल्या हातांसाठी

शस्त्रक्रियागृहात उभ्या असलेल्या शल्यविशारदाचे हात हे एका अर्थी सोवळ्यातले हात असतात. कोपरापर्यंत घासून धुतलेल्या आणि हातमोजे चढवलेल्या त्या हातांनी रोग्याचे उघडे शरीर व निर्जंतुक केलेली आयुधे यांखेरीज कशालाही शिवावयाचे नाही, आणि चुकून शिवाशिव झालीच तर प्रक्षालनाचा सारा विधी पहिल्यापासून करावयाचा, असा तेथला दंडक आहे. परंतु शस्त्रक्रिया ऐन मध्यावर आली असता, गाठ नेमकी कोणत्या रक्तवाहिनीला खेटून बसली आहे हे पाहण्यासाठी पडद्यावरची चित्रे पुढेमागे करावी लागतात; आणि ती ज्याच्या ताब्यात असतात तो संगणक तर बोटांच्या स्पर्शावाचून कोणाचा हुकूम मानीत नाही. मदतनिसाला ‘आणखी एक पुढे, नव्हे, जरा मागे’ असे सांगत राहणे, किंवा मेजापासून दूर जाऊन, चित्र पाहून, पुन्हा हात धुऊन येणे, एवढेच दोन मार्ग उरतात. टोरांटोच्या सनीब्रूक रुग्णालयातील शल्यविशारदांनी २०११ च्या सुमारास या अडचणीवर जी तजवीज केली ती खेळण्यांच्या बाजारातून आणलेली होती. त्यांनी पडद्यापाशी ‘किनेक्ट’ बसविले आणि हवेत हात फिरवून चित्रे उलटावयास प्रारंभ केला.

किनेक्टचा जन्म निव्वळ करमणुकीसाठी झाला होता. मायक्रोसॉफ्टने जून २००९ मध्ये ‘प्रोजेक्ट नाताल’ या नावाने त्याची वर्दी दिली. ॲलेक्स किपमन या ब्राझिलियन अभियंत्याने आपल्या देशातील एका शहराचे नाव त्या प्रकल्पाला दिले होते. ४ नोव्हेंबर २०१० रोजी ते अमेरिकेत सुमारे दीडशे डॉलरांना विक्रीस आले. दूरदर्शन संचाखाली मांडावयाची ती काळी आडवी पट्टी पहिल्या साठ दिवसांत ऐंशी लक्ष घरांत पोचली आणि या विक्रीची नोंद गिनेस बुकानेही घेतली. खेळाडूच्या हाती कळांची कांडी न देता, त्याचे अंगच कांडी मानावयाचे, ही त्यामागची कल्पना.

ही किमया साधते कशी, हे समजण्यासाठी एक डोळा मिटून सुईत दोरा ओवून पाहावा. दोन डोळ्यांना दिसणाऱ्या दोन चित्रांतील किंचित फरकावरून आपल्याला अंतराचा अदमास येतो. एक डोळा मिटताच तो अदमास ढळतो आणि दोरा नेढ्याच्या आजूबाजूला घुटमळू लागतो. किनेक्टमध्ये दुसऱ्या डोळ्याची जागा एका दिव्याने घेतली आहे. तेल अवीवच्या प्राइमसेन्स कंपनीने सिद्ध केलेल्या त्या योजनेत, मानवी नेत्राला न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाच्या हजारो ठिपक्यांची रांगोळी खोलीभर उधळली जाते आणि शेजारचा कॅमेरा ती न्याहाळीत राहतो. जवळच्या वस्तूवर पडलेला ठिपका अपेक्षित जागेपासून एका बाजूला सरकतो, दूरच्या वस्तूवरचा दुसऱ्या बाजूला. या सरकण्याच्या मोजमापावरून, सेकंदास तीस वेळा, खोलीतील अंतरांचा नकाशा तयार होतो.

त्या नकाशात माणूस कोठे आहे आणि त्याचे कोपर कोणते, हा प्रश्न मात्र उरतोच. तो मायक्रोसॉफ्टच्या केंब्रिज येथील संशोधकांनी सोडविला. लक्षावधी कृत्रिम देहाकृतींवर त्यांनी संगणकाला शिकविले, आणि नकाशातील प्रत्येक बिंदूला साधे प्रश्न विचारण्याची रीत घालून दिली: तुझ्यापासून इतक्या अंतरावरचा शेजारी तुझ्याहून पुढे आहे की मागे? अशा क्षुल्लक उत्तरांच्या बेरजेतून तो बिंदू खांद्याचा की गुडघ्याचा हे ठरते, आणि अखेरीस वीस सांध्यांचा सांगाडा पडद्यावर उभा राहतो.

अंतर मोजणारे कॅमेरे पूर्वीही होते. पण त्यांची किंमत हजारो डॉलरांच्या घरात असल्यामुळे ते थोड्याच प्रयोगशाळांच्या वाट्याला येत. तोच डोळा एकाएकी खेळण्याच्या भावात मिळू लागताच, जाणकारांच्या फडात खळबळ उडाली. ॲडाफ्रूट या न्यूयॉर्कच्या संस्थेने, किनेक्ट कोणत्याही संगणकास जोडून देणाऱ्यास इनाम जाहीर केले आणि ते वाढवीत तीन हजार डॉलरांवर नेले. मायक्रोसॉफ्टने प्रथम हरकतीचा सूर लावला; परंतु विक्री सुरू होऊन आठवडा लोटतो न लोटतो तोच एक्टोर मार्टिन या स्पॅनिश तरुणाने ते इनाम पटकावले, आणि थोड्याच दिवसांत कंपनीने आपली हरकत गुंडाळून ठेवली. २०११ मध्ये तिने संशोधकांना अधिकृत साधने दिली आणि पुढल्या वर्षी संगणकासाठी स्वतंत्र किनेक्टही काढले.

यानंतर हे यंत्र ज्या ज्या दारी गेले, त्यांतील कित्येकांत एक समान धागा दिसतो: तेथील माणसांचे हात एक तर गुंतलेले होते, किंवा त्यांच्या स्वाधीन नव्हते. लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेत महारोहिणीची त्रिमित प्रतिमा हातवाऱ्यांनी फिरवून पाहण्याचा प्रयोग झाला. पक्षाघाताने ज्याची मूठच वळत नाही त्याला कांडी धरावयास सांगणे ही क्रूर थट्टा होय; पण खांदा जेवढा उचलेल तेवढा उचलून पडद्यावरचे फळ तोडावयाचे, हा व्यायाम त्याला साधतो, आणि हात आज किती अंश वर गेला याची नोंदही दप्तरी राहते. नोवार्टिसच्या सहकार्याने चाललेल्या ‘असेस एमएस’ या प्रकल्पात, मज्जासंस्थेच्या विकाराने पीडित रोग्याने बोटाने नाकाला स्पर्श करताना होणारा कंप या डोळ्याने मोजण्याचा यत्न झाला. कारण तोच कंप दोन वैद्यांच्या नजरेला निरनिराळा भासू शकतो. चीनमध्ये मूकबधिरांच्या खुणांचे शब्दांत रूपांतर करण्याचे, तर आपल्याकडे खरगपूरच्या आयआयटीत भरतनाट्यमातील अडवू, म्हणजे मूलभूत नृत्यहालचाली, टिपून ओळखण्याचे काम त्यावर झाले.

या डोळ्याच्या मर्यादाही उघड आहेत. सूर्यप्रकाशातील अवरक्त किरणांत त्याची रांगोळी बुडून जाते, काच त्याला चकविते, आणि साडेतीन-चार मीटरांपलीकडे त्याचे अनुमान डळमळू लागते. खुणांच्या भाषेचा प्राण असलेली बोटे तर पहिल्या किनेक्टला धूसरच दिसत. तथापि दोष कोठे अडतो हे जागेवर अवलंबून असते. स्वालबार्ड द्वीपसमूहातील एका हिमनदीच्या पोटातील गुहेत एक संशोधक हेच खेळणे घेऊन उतरला आणि बर्फाखालच्या तळाचा खडबडीतपणा त्याने मोजला. तेथे सूर्याचा अंमलच नव्हता.

खेळाच्या दरबारात मात्र किनेक्टची मर्जी लवकरच उतरली. २०१३ ची सुधारित आवृत्ती मायक्रोसॉफ्टच्या ‘एक्सबॉक्स’ या खेळयंत्राच्या नव्या अवताराबरोबर सक्तीने गळ्यात बांधली गेली. दिवाणखान्यात सदैव जागा राहणारा हा डोळा लोकांना संशयास्पद वाटला, आणि पुढच्याच वर्षी ती सक्ती कंपनीला मागे घ्यावी लागली. सुमारे साडेतीन कोटी नग विकल्यानंतर, २०१७ मध्ये त्याचे उत्पादन बंद झाले. प्राइमसेन्स त्यापूर्वीच ॲपलने विकत घेतली होती, आणि त्याच २०१७ सालच्या आयफोनमध्ये अदृश्य ठिपक्यांची रांगोळी मालकाच्या चेहऱ्यावर पडू लागली. खोलीभर हिंडणारी ती विद्या कुलूप उघडणाऱ्या द्वारपालाच्या चाकरीत रुजू झाली.

खेळाडू कांडीकडे परतला यात नवल नाही. कळ दाबताच बोटाला मिळणारा होकार हवेकडून मिळत नाही, आणि हात रिकामा असण्याचे कौतुक दोन संध्याकाळींत ओसरते. त्याच्या दृष्टीने किनेक्टने हातातले काहीतरी काढून घेतले होते. शल्यविशारदाच्या हातात मात्र चिमटा होता, आणि समोर मेजावर माणूस. त्या यंत्राने त्याला तेथून हलू दिले नाही, यातच त्याचे सारे सार्थक होते.