स्वाध्यायी आणि बहिःस्थ : गृहस्थ विद्यार्थ्याच्या वेळेविषयी

महाविद्यालयात नाव न घालता घरी अभ्यास करून विद्यापीठाच्या परीक्षेस बसणाऱ्या विद्यार्थ्याला मराठीत ‘बहिःस्थ’ म्हणतात. १९६४ साली रायपूर येथे रविशंकर विद्यापीठ स्थापन झाले. त्या भागातील हिंदीत अशाच विद्यार्थ्याचे नाव ‘स्वाध्यायी’ असे आहे. रायपूरची मराठी कुटुंबे या दोन्ही भाषांत वावरतात. दिवसभर कचेरीत काम करणारा संसारी कारकून असो, की मुलांना शाळेत धाडून एम्. ए. ची पुस्तके उघडणारी गृहिणी असो, एक भाषा त्यांना संस्थेच्या दाराबाहेर उभे करते, तर दुसरी त्यांच्या अभ्यासाकडे पाहते.

विवाहित विद्यार्थी हा आपल्या परंपरेत विसंगत ठरतो, असे सामान्यतः मानले जाते. अध्ययन ब्रह्मचर्याश्रमात, विवाह समावर्तनानंतर. तथापि हे अर्धेच सत्य होय. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत घरी परतणाऱ्या शिष्याला गुरू दोन गोष्टी एकत्रच बजावतो : वंशाचा तंतू तोडू नये आणि स्वाध्यायात हयगय करू नये. गृहस्थाच्या पंचमहायज्ञांतील ब्रह्मयज्ञ म्हणजे नित्याचा स्वाध्यायच. अतिथीला अन्न देणे हे जसे घराचे कर्तव्य, तसेच अध्ययन हेही घराचे कर्तव्य. संसारातून चोरलेला वेळ, अशी त्याची गणना नव्हती.

शतपथ ब्राह्मणात याविषयी एक मोठी व्यवहारी सूचना आहे. ज्या दिवशी पूर्ण स्वाध्याय होणे शक्य नाही, त्या दिवशी निदान एखादी ऋचा वा एखादे यजुस् म्हणावे, म्हणजे व्रत खंडित होत नाही. आजच्या गृहस्थ विद्यार्थ्याचा संकल्प बहुधा याच ठिकाणी ढासळतो. तो रविवारवर भिस्त ठेवतो. रविवारी चार तास, असे बावन्न रविवार म्हणजे २०८ तास. त्यांतले पाहुणे, बारसे, दुखणे यांत किती जातात हे कोणत्याही संसारी माणसाने सांगावे. उलट रोजचा एक तास वर्षाला ३६५ तास देतो, आणि त्यातील शंभर दिवस बुडाले तरी रविवारच्या हिशेबापेक्षा अधिकच उरतो. शिवाय काल वाचलेले आज आठवत असते, हा लाभ निराळाच.

वार्षिक परीक्षेच्या पद्धतीत मार्च-एप्रिल हे महिने निर्णायक असतात. त्याच सुमारास, ३१ मार्चला, कचेऱ्यांचे हिशेबी वर्ष संपते. पाठोपाठ लग्नसराई येते, आणि छत्तीसगढात ‘अक्ती’ म्हणजे अक्षय्य तृतीयेला लग्नांची गर्दी असते. ही टक्कर दरवर्षीची असूनही दरवर्षी ती अनपेक्षित वाटते!

तासांचा हिशेब सारे करतात, वर्षांचा मात्र कोणी करीत नाही. ‘छत्तीसगढ मित्र’चे संपादक माधवराव सप्रे (१८७१-१९२६) यांनी शालेय शिक्षण रायपूरला घेतले आणि त्यांचा विवाहही विद्यार्थिदशेतच झाला. कलकत्ता विद्यापीठाची बी. ए. पदवी त्यांच्या हाती आली ती १८९९ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी. पुढच्याच वर्षी पेंड्र्याहून त्यांचे मासिक निघाले. पदवीला लागलेला विलंब त्यांच्या कार्याला बाधला असे दिसत नाही.

मात्र ब्रह्मयज्ञाचा आदर्श मांडताना एक गोष्ट विसरता येत नाही. त्या गृहस्थाची चूल दुसरे कोणी पेटवीत असे. रमाबाई रानड्यांना पतीचे उत्तेजन होते, तरी घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा रोष सोसून त्या शिकल्या. त्यांच्या १९१० च्या आठवणींत हे सारे आले आहे. तेथे अडचण तासांची नव्हती, मान्यतेची होती. म्हणून नवरा किंवा बायको परीक्षेला बसणार असेल, तेव्हा वेळापत्रक एकट्याने आखून भागत नाही. मार्चमध्ये संध्याकाळचा स्वयंपाक कोणी करायचा, आजारी मुलाजवळ कोणी बसायचे, कोणत्या लग्नाला दोघांपैकी एकानेच जायचे, हे जानेवारीतच घरात सर्वांसमक्ष बोलून ठरवावे लागते.