ढीग हटला, खालच्या जमिनीचं काय?

कचऱ्याचा डोंगर हटवल्यावर त्याखाली जी जमीन उरते, तिचं शहरानं काय करायचं आणि शेजारच्या लोकांना काय सांगायचं, हा आजचा विषय. खान्देशात या विषयाची दोन नावं लगेच आठवतात: जळगावचं आव्हाणे शिवार आणि धुळ्याची वरखेडी. दोन्ही शहरांत २००३ साली महानगरपालिका आल्या. २०११ च्या जनगणनेत जळगावची लोकसंख्या ४ लाख ६० हजार होती, धुळ्याची पावणेचार लाख. या शहरांचा कचरा 'गावाबाहेर' टाकला गेला, असं आपण सहज म्हणतो. पण शहराचं गावाबाहेर म्हणजे दुसऱ्या कुणाचं तरी गाव असतं, शेत असतं, विहीर असते.

आता हे डोंगर हटवायचे कसे, ते थोडक्यात. १ ऑक्टोबर २०२१ ला स्वच्छ भारत अभियानाचा दुसरा नागरी टप्पा सुरू झाला आणि देशभरातले जुने डेपो साफ करणं हे त्याचं एक उद्दिष्ट ठरलं. पद्धत बायोमायनिंगची. ढीग उकरायचा, जिवाणूंचं द्रावण फवारायचं, खालीवर करून वाळवायचा आणि मोठ्या फिरत्या चाळणीतून काढायचा. प्लास्टिक-चिंध्या सिमेंटच्या भट्टीला जळण म्हणून जातात, दगड-विटा भरावाला, आणि उरते ती बारीक माती. ही माती बऱ्याचदा सगळ्यात जास्त निघते. दिसायला खतासारखी असते, म्हणून शेतात टाकायचा मोह होतो. पण तिच्यात बॅटऱ्या, रंग, ट्यूबलाइट यांचा चुरा वर्षानुवर्षं मुरलेला असतो. जड धातू आणि क्षार तपासल्याशिवाय ती केळीच्या बागेत जाऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

इथपर्यंतचं काम मोजता येतं. कंत्राटदाराचं बिल टनावर किंवा घनमीटरवर निघतं. आधीचा आणि नंतरचा फोटो काढता येतो, 'इतके एकर जमीन मोकळी' असा फलक लावता येतो. अडचण फलकाच्या खाली आहे. कचऱ्यातून झिरपणारं काळं पाणी, ज्याला अभियंते लीचेट म्हणतात, ते कुणी चाळत नाही. इतके पावसाळे ते खाली उतरत राहिलं, आणि जुन्या डेपोंच्या तळाशी अस्तर घालण्याची पद्धतच नव्हती.

ते कुठवर गेलं असेल? इथं जळगाव आणि धुळे वेगळे पडतात, आणि हा फरक आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. आव्हाणे गिरणेच्या काठचं. तापी-गिरणेच्या गाळात वाळूचे आणि चिकणमातीचे थर एकाआड एक असतात. चिकणमाती पाणी अडवते, वाळू ते आडवं पुढं नेते. त्यामुळे जवळची एखादी विहीर स्वच्छ आणि जरा लांबची खराब, असं घडू शकतं. धुळ्याला काळा कातळ. तिथं पाणी भेगांमधून चालतं, आणि धुळे-नंदुरबारचा पट्टा तर डाइकसाठी भूगर्भशास्त्रज्ञांत प्रसिद्ध आहे. डाइक म्हणजे कातळात उभी घुसलेली दगडाची भिंत. ती कुठं भूजल अडवते, कुठं भेगाळलेल्या कडेनं दूरवर वाट करून देते. म्हणजे नकाशावर डेपोभोवती कंपासनं वर्तुळ काढून 'एवढाच भाग बाधित' म्हणणं जळगावात अपुरं आहे आणि धुळ्यात तर जवळजवळ निरर्थक.

कायदा काय म्हणतो? २०१६ च्या घनकचरा नियमांत कचराभूमीच्या हद्दीपासून ५० मीटरच्या आतलं भूजल उन्हाळा, पावसाळा आणि पावसाळ्यानंतर तपासत राहण्याची तरतूद होती. बंद केलेल्या जागेवर वस्तीचा विचार करायचा तर आधी १५ वर्षं देखरेख, हेही त्यात होतं. मग २४ जुलै २०२५ ला दूषित जागांसाठी स्वतंत्र नियम आले. जागा संशयित वाटली की प्रदूषण नियंत्रण मंडळानं ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची. छान आहे. पण कचरा डेपोचं प्रदूषण या नियमांच्या कक्षेबाहेर ठेवलंय. घातक रसायनांचं प्रमाण ठरलेल्या पातळीच्या वर गेलं, तरच ते दार उघडतं. आता पातळी ओलांडली की नाही, हे मोजल्याशिवाय कळणार कसं? आणि मोजायचं कुणी?

घाई केल्यावर काय होतं, ते मुंबईत दिसलं. मालाडला चिंचोली बंदरच्या जुन्या कचराभूमीवर काचेच्या इमारती उभ्या राहिल्या आणि आतल्या कार्यालयांत संगणक, एसी वारंवार बंद पडायला लागले. जमिनीतून येणारे वायू तांब्याचे भाग खात होते.

आता लोकमताकडे येऊ. सरकारी भाषेत याला 'जनजागृती' म्हणतात, म्हणजे लोक झोपलेत असं आधीच धरून चालायचं. शेजारच्या औरंगाबादेत फेब्रुवारी २०१८ मध्ये नारेगावच्या परिसरातल्या गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. वर्षानुवर्षं आश्वासनं ऐकून झाली होती. महापालिकेनं गाड्या मिटमिट्याकडे वळवल्या, तिथं मार्चमध्ये दगडफेक आणि लाठीमार झाला. पोलीस आयुक्तांना सक्तीच्या रजेवर पाठवलं गेलं, पालिका आयुक्तांची बदली झाली. अनेक आठवडे शहरभर कचरा साठून होता. या लोकांना कचऱ्याचं शास्त्र समजत नव्हतं, असं म्हणणं सोपं आहे. खरं तर ते एकाच गोष्टीवर अडले होते: पालिकेच्या शब्दावर.

वरखेडीच्या बाजूचा शेतकरी विचारेल तो प्रश्न साधा असेल: "आमनी विहिरनं पानी पेवासारखं शे का?" त्याला पत्रक, रॅली, सेल्फी पॉइंट देऊन चालत नाही. त्याला आकडा लागतो, आणि तो आकडा कसा काढला हे डोळ्यांनी बघायला लागतं. पांझरेच्या फड पद्धतीत हेच होतं. बंधाऱ्याचं पाणी कुणाच्या शेताला कधी, हे पाटकरी सगळ्यांदेखत ठरल्या क्रमानं पाळायचा. भांडणं होत नसत असं नाही, पण पाणी चोरलं की दिसायचं. आपल्या नळाच्या आणि भूजलाच्या कारभारात ते 'दिसणं' नाहीसं झालं.

म्हणून आमची सूचना अगदी कोरडी आहे. चाळणी सुरू होण्याआधी डेपोभोवतीच्या विहिरी आणि बोअर यांची यादी करायची, ५० मीटरवर न थांबता भूगर्भतज्ज्ञ पाणी जिकडे वाहतं म्हणतील त्या दिशेनं. नमुना मालकाच्या समोर घ्यायचा. त्याच पाण्याची दुसरी बाटली सील करून मालकाकडेच ठेवायची, म्हणजे शंका आली तर त्याला ती दुसऱ्या प्रयोगशाळेत देता येईल. अहवाल मराठीत, ग्रामपंचायतीच्या फलकावर, चांगला असो की वाईट. वाईट निघाला तर टँकर कोण पाठवणार आणि किती दिवस, हे निविदेतच लिहायचं.

पहिला नमुना मे महिन्यात घ्यावा. तेव्हा विहिरी तळाला गेलेल्या असतात, आणि पहिल्या पावसानं ढिगातलं पाणी खाली उतरायच्या आधीची स्थिती हाती येते. जून उजाडल्यावर घेतलेला नमुना तुलनेला उपयोगी पडत नाही, मग पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबावं लागतं.