जुन्या गोष्टींची पाठराखीण

२०२४ च्या जून महिन्यात धाकट्या भावाकडे इंग्लंडला गेले होते. जून असूनही अंगात स्वेटर, आणि बाहेर आपल्याकडच्या श्रावणासारखी रिपरिप. एका संध्याकाळी बारा वर्षांची भाची रिमोट घेऊन शेजारी येऊन बसली. "आत्या, आज खूप जुनं डॉक्टर हू आहे. बघू या?" किती जुनं, असे विचारले तर म्हणाली, "१९७५." म्हणजे माझ्या जन्माच्याही आधीचे!

पण ती जुनी गोष्ट लगेच सुरू झाली नाही. आधी पडद्यावर आली एक मंद उजेडाची, अडगळीची म्हणावी अशी खोली. तिथे तेव्हाचा डॉक्टर आणि त्याच्या सोबतीला रूबी नावाची तरुण मुलगी. या शत्रूशी माझी पूर्वी गाठ पडली होती, असे तो तिला सांगू लागतो आणि मग जुनी कथा उलगडते. आख्यान लावण्याआधी कीर्तनकार बुवा श्रोत्यांना जवळ ओढून घेतात, तसाच प्रकार.

'टेल्स ऑफ द टार्डिस' हे या मालिकेचे नाव. नव्या नवरीबरोबर पहिल्यांदा सासरी जाणारी पाठराखीण असते ना, तशी ही मूळ मालिकेची पाठराखीण. तिच्याबद्दल सांगण्याआधी त्या नवरीची ओळख करून द्यायला हवी.

'डॉक्टर हू' ही बीबीसीची विज्ञानकथा मालिका. पहिला भाग २३ नोव्हेंबर १९६३ रोजी, केनेडींच्या हत्येच्या दुसऱ्याच दिवशी दाखवला गेला. निर्मात्या होत्या सत्तावीस वर्षांच्या व्हेरिटी लॅम्बर्ट. पहिल्या कथेचे दिग्दर्शक होते वारिस हुसेन. जन्म लखनौचा, वय अवघे चोवीस! 'सनलाइट ऑन अ ब्रोकन कॉलम' ही कादंबरी लिहिणाऱ्या अतिया हुसेन यांचे हे चिरंजीव.

कथेचा नायक 'डॉक्टर' हा परग्रहावरचा कालप्रवासी. त्याचे यान म्हणजे टार्डिस. बाहेरून लंडनच्या रस्त्यावरची पोलिसांची निळी पेटी, आत मात्र भलेमोठे दालन. तो सहसा एकटा फिरत नाही, बरोबर कोणी ना कोणी सोबती असतो. १९६६ मध्ये पहिले नट विल्यम हार्टनेल यांची प्रकृती साथ देईना, तेव्हा लेखकांनी नामी युक्ती काढली. डॉक्टर मरणाच्या दारी गेला की त्याचा कायापालट होतो, चेहरा नवा, माणूस तोच. या एका युक्तीवर मालिका १९८९ पर्यंत चालली, थांबली, आणि २००५ मध्ये पुन्हा उभी राहिली.

२०२३ मध्ये मालिकेला साठ वर्षे झाली. त्या निमित्ताने १ नोव्हेंबरला बीबीसीने आपल्या आयप्लेअरवर आठशेच्या आसपास भाग एकत्र ठेवले. गंमत म्हणजे वारिस हुसेन यांनी दिग्दर्शित केलेली पहिलीच कथा हक्कांच्या वादामुळे त्यात नव्हती. पण एवढा ढीग समोर ठेवला तरी आजचे मूल त्यातले काय उचलणार? कृष्णधवल चित्र, पुठ्ठ्याच्या भिंती, रबरी राक्षस. दोन मिनिटांत पोरे उठून जातील. म्हणून त्याच दिवशी 'टेल्स ऑफ द टार्डिस'चे सहा भाग आले. रचना अगदी साधी. जुन्या कथेतले दोघे त्या आठवणींच्या टार्डिसमध्ये भेटतात, थोडे बोलतात. मग ती जुनी कथा सलग दाखवली जाते. शेवटी पुन्हा ते दोघे. बहुतेक ठिकाणी बोलणारे नट तेच, भूमिका त्याच, मध्ये वर्षे मात्र तीस, चाळीस, साठ गेलेली.

भाचीने मला एकेक करत सातही भाग दाखवले. मी मात्र जुन्या कथेपेक्षा त्या आधीच्या आणि नंतरच्या गप्पांचीच वाट पाहू लागले.

'अर्थशॉक' ही १९८२ ची कथा. डॉक्टरचा सोबती अ‍ॅड्रिक, गणितात हुशार, थोडा हट्टी पोरगा, पृथ्वीवर कोसळणाऱ्या यानात अडकून मरतो. त्या भागाच्या शेवटी नेहमीचे संगीत वाजले नाही. अ‍ॅड्रिकच्या तुटलेल्या बिल्ल्यावरून नावे मुकाट सरकत गेली. मालिका पुढे गेली, पण त्या पोराचे दुःख धड कोणी केले नाही. पाठराखिणीच्या भागात पीटर डेव्हिसनचा डॉक्टर आणि जॅनेट फील्डिंगची टेगन समोरासमोर बसतात, केस पांढरे झालेले, आणि बोलणे अ‍ॅड्रिकवर येते. चाळीस वर्षे अडलेला हुंदका असा वाट शोधतो. आपल्याकडेही एखाद्या घरात गेलेल्या मुलाचे नाव वर्षानुवर्षे कोणी काढत नाही, आणि मग एका दिवाळीत दोन म्हाताऱ्या बहिणी स्वयंपाकघरात बसून त्याच्याविषयी बोलू लागतात, तसेच वाटले मला.

'द कर्स ऑफ फेन्रिक' १९८९ ची. आईचा मनस्वी राग करणारी एस नावाची मुलगी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जाते. तिथे एका तान्ह्या बाळाला आणि त्याच्या आईला वाचवते. ते बाळ म्हणजेच आपली आई, हे तिला नंतर कळते. 'व्हेंजन्स ऑन व्हॅरोस' १९८५ ची. लोक घरी बसून पडद्यावर दुसऱ्याचे हाल पाहतात आणि राज्यपालाने जगावे की मरावे यावर मत देतात! रिअ‍ॅलिटी शोचा सुळसुळाट होण्याच्या कितीतरी आधीची ही कल्पना. 'द थ्री डॉक्टर्स' ही दहाव्या वर्षीची. आजारी हार्टनेल यांना त्यात फक्त एका पडद्यावर बसून बोलताना दाखवले, आणि डॉक्टर म्हणून तेच त्यांचे शेवटचे दर्शन ठरले.

मला सर्वांत रुतला तो 'द माइंड रॉबर'चा भाग. कथा १९६८ ची, मोठी मजेशीर. डॉक्टर, जेमी आणि झोई कल्पित गोष्टींच्या देशात पोचतात. तिथे गलिव्हर भेटतो, मेड्युसा भेटते. चित्रीकरणाच्या वेळी जेमीचे काम करणारे फ्रेझर हाइन्स यांना कांजिण्या आल्या. आता काय करायचे? लेखकांनी कथेतच जेमीचा चेहरा पुसला. डॉक्टर तो जुळवायला जातो, चुकतो, आणि दोन-चार दिवसांपुरता दुसराच नट जेमी होतो. भाची खो-खो हसली.

पण या जेमी-झोईची पुढची हकीकत हसण्यासारखी नाही. १९६९ मध्ये डॉक्टरच्या ग्रहावरचे लोक दोघांना आपापल्या काळात परत पाठवतात, आणि पाठवताना त्यांची आठवण पुसून टाकतात. पहिली भेट तेवढी राहते, बाकी सगळा प्रवास कोरा. पाठराखिणीच्या भागात फ्रेझर हाइन्स आणि वेंडी पॅडबरी, दोघेही आता आजी-आजोबांच्या वयाचे, त्या खोलीत येतात, आणि पुसलेले सगळे परत येते. एकाने विचारायचे, दुसऱ्याने सांगायचे. आठवण अशी दोघांत मिळून पुरी होते.

यात एक खरीखुरी गोष्टही आहे. साठच्या दशकात चित्रफिती महाग होत्या. जुन्या भागांची पुढे कोणाला गरज पडेल असे बीबीसीला वाटले नाही. सत्तरच्या दशकापर्यंत त्या पुसल्या गेल्या, प्रती नष्ट झाल्या, आणि सुमारे शंभर भाग हरवले. परदेशी विकलेल्या काही प्रती पुढे सापडल्या. पाठराखिणीत घेतलेल्या १९६५ च्या 'द टाइम मेडलर'चे काही भाग नायजेरियातून परत आले. एक पूर्ण कथा हाँगकाँगहून आली. २०१३ मध्ये पुन्हा नायजेरियातूनच आणखी नऊ भाग मिळाल्याचे जाहीर झाले. पण नवल पुढेच आहे. हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज आज उपलब्ध आहे. कोणामुळे? तर घरोघरच्या प्रेक्षकांमुळे. त्या काळी काही हौशी पोरे टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर लावून बसत. एवढ्या मोठ्या संस्थेने टाकून दिले, ते घरच्या बैठकीच्या खोलीत जपले गेले.

हे ऐकले आणि मला माझी आई आठवली.

आई धारवाडची, माहेर पूर्ण कन्नड. लग्न होऊन बेळगावात आली आणि मराठी इतके सफाईने बोलू लागली की शेजारणींना तिचे माहेर सांगावे लागे. आम्हा भावंडांना तिने मराठीतच वाढवले. आपल्या भागातल्या कितीतरी घरांत हेच घडले आहे, कुठे याच दिशेने, कुठे उलट. गेल्या काही वर्षांत तिला विस्मरण होऊ लागले. औषधाची गोळी, दिवस, वार तर गेलेच, पण हळूहळू मराठीही हातातून सुटत गेले. राहिली ती लहानपणीची कन्नड. माझी कन्नड बाजारापुरती, मुलाची परीक्षेपुरती. आई बोलत राही आणि आम्ही "हूं, हूं" करत राहू. तिच्या आठवणी पुसल्या गेल्यात असे आम्ही धरून चाललो होतो. खरे तर त्या तिच्याजवळ होत्या. शेजारी बसून विचारणारे कोणी नव्हते.

भाचीने शेवटी दाखवला तो 'पिरॅमिड्स ऑफ मार्स'चा भाग तिने पुन्हा लावला. १९७५ मध्ये त्यातल्या सुतेख या दुष्टाला आवाज दिला होता गेब्रिएल वूल्फ यांनी. दोन दिवसांनी लागलेल्या नव्या भागात सुतेख परत आला, आणि आवाज पुन्हा त्यांचाच, वय नव्वदीच्या पुढे. भाची म्हणाली, "आत्या, आवाज तोच आहे, ओळखलास?" तिने जुनी गोष्ट आधी पाहिली होती म्हणून तिला तो ओळखता आला.

घरी परत आल्यावर मुलाला बसवून हे सगळे सांगितले. त्याला डॉक्टरपेक्षा टेपरेकॉर्डरवाली पोरे जास्त आवडली. शाळेतल्या कन्नडच्या बाईंना विचारून त्याने चार वाक्ये नीट बसवली. एका दुपारी जुना अल्बम आईच्या मांडीवर ठेवला, मोबाइल रेकॉर्डिंगला लावला आणि विचारले, "अज्जी, इद नेनप ऐतेनु?"

फोटोत परकर-पोलक्यातली एक मुलगी आणि मागे सायकल. आई बराच वेळ बघत राहिली. मग सुरू झाली. साधनकेरीच्या रस्त्यावर वडिलांनी तिला सायकल शिकवली होती, आजीला कळू न देता. पडल्यावर गुडघा फुटला तर घरी सांगितले, पायरीवरून घसरले. पन्नास वर्षांत तिने हे आम्हाला कधी सांगितले नव्हते. मुलगा मध्येच अडे, एखादा शब्द त्याला कळत नसे. तो पुन्हा विचारी, आई पुन्हा सांगे, आणि दर वेळी गोष्टीत थोडी भर पडे.

ते रेकॉर्डिंग एकवीस मिनिटांचे आहे. मधूनच प्रेशर कुकरची शिट्टी, भाजीवाल्याची हाक आणि शेवटी आईचा प्रश्न, "नीनू यार मगा?" तू कोणाचा मुलगा? मुलाने न अडखळता, कन्नडमध्ये, माझे नाव सांगितले.