कुलूप पेशीचे, किल्ली संप्रेरकाची

व्यापारी कुटुंबांतील अनेक घरांत सकाळच्या चहाबरोबर रक्तदाबाची गोळी घेणे हा नित्यक्रम झाला आहे. त्या गोळीच्या पाकिटावर लोसार्टन, टेल्मिसार्टन, ओल्मेसार्टन किंवा व्हॅल्सार्टन यांपैकी एखादे नाव बहुधा आढळते. या सर्व नावांच्या शेवटी ‘सार्टन’ येते. ही सर्व औषधे शरीरातील एकाच ठिकाणी काम करतात. त्या ठिकाणाचे नाव आहे अँजिओटेन्सिनचा पहिल्या प्रकारचा रिसेप्टर. तो काय करतो हे समजले, तर गोळी नियमाने का घ्यावी आणि कोणते पथ्य का पाळावे, हेही आपोआप उमगते.

रिसेप्टर म्हणजे पेशीच्या आवरणावरील कुलूप. रक्तातून फिरणारे संप्रेरक ही त्याची किल्ली. किल्ली कुलपात बसली की पेशीला आज्ञा मिळते. किल्ली कितीही फिरत राहिली, तरी कुलूपच अडवले असेल तर आज्ञा आत पोहोचत नाही.

या किल्लीचा शोध लागण्यास बराच काळ जावा लागला. 1898 मध्ये स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत रॉबर्ट टिगरस्टेट आणि त्यांचे सहकारी पेर बर्गमन यांना असे दिसले, की मूत्रपिंडाच्या अर्कात रक्तदाब वाढवणारा पदार्थ असतो. त्यांनी त्याला ‘रेनिन’ हे नाव दिले. त्यानंतर सुमारे चाळीस वर्षांनी अर्जेंटिना व अमेरिका येथील दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले, की रेनिन स्वतः रक्तदाब वाढवत नाही. ते दुसरा एक पदार्थ निर्माण करते. दोन्ही गटांनी त्याला वेगवेगळी नावे दिली होती. पुढे 1958 मध्ये दोन्ही नावांचे अर्धे-अर्धे भाग जोडून ‘अँजिओटेन्सिन’ हे नाव समजुतीने स्वीकारण्यात आले.

या यंत्रणेचा क्रम सोपा आहे. रक्तदाब उतरला किंवा शरीरातील पाणी व मीठ कमी झाले, की मूत्रपिंड रेनिन सोडते. यकृतात तयार झालेल्या एका प्रथिनाचा तुकडा रेनिन तोडते. फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांत त्याचा आणखी एक तुकडा पडतो आणि ‘अँजिओटेन्सिन दोन’ तयार होते. हीच ती किल्ली. ती पहिल्या प्रकारच्या रिसेप्टरमध्ये बसली की रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, अधिवृक्क ग्रंथी अल्डोस्टेरॉन सोडते, मूत्रपिंड मीठ व पाणी राखून ठेवते आणि तहान लागते. दुष्काळ, उपासमार किंवा रक्तस्राव अशा प्रसंगी जीव वाचवणारी ही व्यवस्था आहे.

अडचण तेव्हा येते, जेव्हा ही आणीबाणी संपतच नाही. रिसेप्टरला वर्षानुवर्षे आज्ञा मिळत राहिली, की हृदयाचा स्नायू जाड व ताठर होतो, रक्तवाहिन्यांच्या भिंती कठीण होतात आणि मूत्रपिंडाच्या सूक्ष्म गाळण्यांवर अतिरिक्त दाब पडतो. चरबीच्या पेशीही या संप्रेरकाचा कच्चा माल तयार करतात. त्यामुळे पोटाचा घेर वाढला की ही यंत्रणा अधिक कार्यरत होते. शिवाय हाच रिसेप्टर पेशींमध्ये इन्सुलिनच्या कामात अडथळा आणतो. वाढलेले पोट, रक्तदाब आणि मधुमेह एकाच माणसात इतक्या वेळा एकत्र का आढळतात, याच्या उत्तराचा एक भाग येथे आहे.

या रिसेप्टरला अडवणारे पहिले औषध, लोसार्टन, 1995 मध्ये अमेरिकेत मान्य झाले. 2001 मध्ये मधुमेहामुळे मूत्रपिंड बिघडलेल्या 1513 रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. लोसार्टन घेणाऱ्यांत मूत्रपिंड पूर्ण निकामी होण्याचे प्रमाण 28 टक्क्यांनी कमी आढळले. पुढच्याच वर्षी 9193 रुग्णांच्या चाचणीत लोसार्टनची तुलना अटेनोलॉल या जुन्या औषधाशी झाली. दोन्हींनी रक्तदाब जवळजवळ सारखाच उतरवला. परंतु लोसार्टनच्या गटात पक्षाघात व नवा मधुमेह या दोहोंचे प्रमाण सुमारे 25 टक्क्यांनी कमी होते.

मात्र जमेबरोबर खर्चाची बाजूही पाहिली पाहिजे. अटेनोलॉलसारखी औषधे स्वतःच साखर थोडी वाढवतात, त्यामुळे मधुमेहाबाबतचा सगळा लाभ लोसार्टनच्या खाती मांडता येत नाही. 2010 मध्ये मधुमेहाच्या उंबरठ्यावरील 9306 व्यक्तींवर व्हॅल्सार्टनची चाचणी झाली. नवा मधुमेह 14 टक्क्यांनी कमी झाला, पण हृदयविकाराच्या घटना घटल्या नाहीत. म्हणजे गोळी आहार आणि चालण्याची जागा घेऊ शकत नाही.

मिठाचा हिशेबही येथेच येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार प्रौढ व्यक्तीने दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ घ्यावे. म्हणजे एक चहाचा चमचाही भरू नये. पापड, लोणचे, फरसाण व खाखरा यांतून हा आकडा नकळत ओलांडला जातो. दुकानाच्या गादीवर दिवसभर बसणाऱ्याने हे विशेष लक्षात ठेवावे.

काही सावधगिरी आवश्यक आहे. ही औषधे रक्तातील पोटॅशियम वाढवू शकतात. ‘कमी सोडियमचे’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मिठात बहुधा पोटॅशियमच असते. म्हणून ते वैद्यकीय सल्ल्याविना वापरू नये. आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या सोबत घेतल्यास मूत्रपिंडावर ताण येतो. गर्भवतींसाठी ही औषधे वर्ज्य आहेत. क्रिअ‍ॅटिनिन व पोटॅशियम यांची तपासणी डॉक्टर सांगतील तेव्हा करून घ्यावी.

पर्युषणातील तपश्चर्येच्या वेळी ही बाब विशेष महत्त्वाची ठरते. चौविहार उपवासात किंवा अठ्ठाईत शरीरातील पाणी कमी होते. अशा वेळी रक्तदाब सांभाळण्यासाठी शरीर याच रिसेप्टरवर विसंबते आणि गोळीने नेमका तोच अडवलेला असतो. परिणामी चक्कर येणे, रक्तदाब एकदम उतरणे किंवा मूत्रपिंडाला इजा होणे संभवते. जुलाब-उलट्यांच्या वेळीही हाच धोका असतो. म्हणून पच्चक्खाण घेण्यापूर्वीच डॉक्टरांना भेटून गोळीची मात्रा ठरवून घ्यावी. स्वतःच्या मनाने गोळी चालू ठेवणे जितके धोक्याचे, तितकेच मनाने बंद करणेही.

अनेक जण रक्तदाब 120 वर 80 आला, की ‘आता बरे वाटते’ म्हणून गोळी सोडून देतात. आकडा ठीक दिसतो, कारण कुलूप अडवलेले असते. गोळी थांबली की किल्ली पुन्हा आपले काम सुरू करते आणि हृदय व मूत्रपिंड यांची हानी कोणतीही वेदना न होता वाढत जाते. घरातील वडीलधाऱ्यांची गोळी कोणती, ती कशासाठी आणि शेवटची तपासणी केव्हा झाली, याची नोंद कुटुंबातील एकाने तरी ठेवावी.